बंदिवान पालक व अपत्यसंबंध

बंदिवान पालक व अपत्यसंबंध : आई किंवा वडील कारागृहात असताना त्यांचे आपल्या अपत्यांशी असलेले नाते टिकून राहावे, म्हणून समाज, शासन व न्यायसंस्था यांनी वेळोवेळी योजिलेल्या उपायांचा विचार या विषयात होतो. भेट (कारागृहाच्या परिभाषेत मुलाखत), पत्रव्यवहार, रजेवर घरी जाण्याची मुभा आणि अपत्यासह एकत्र वास्तव्य हे त्या उपायांचे चार प्रमुख प्रकार होत. अलीकडे दूरध्वनी व दृक्‌श्राव्य संपर्क यांची त्यांत भर पडली आहे. अपराध ज्याने केला त्यानेच शिक्षा भोगावी, हे आधुनिक दंडनीतीचे मूलतत्त्व मानले जाते. कारावासाच्या शिक्षेत मात्र या तत्त्वास बाधा येते. कारण पालकाचे स्वातंत्र्य हिरावले जाते त्याच क्षणी, कोणताही अपराध न केलेले मूल आईला वा वडिलांना मुकते. ही विसंगती कशी हाताळावी, यासंबंधीची भूमिका गेल्या दोनशे वर्षांत बदलत गेली. प्रारंभी कैद्याचे कुटुंब पुष्कळदा तुरुंगातच राहत असे. पुढे ते कटाक्षाने दूर ठेवण्यात आले. त्यानंतर भेट ही कैद्याच्या सद्‌वर्तनाबद्दल द्यावयाची सवलत ठरली. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस, पालकास भेटणे हा मुलाचा स्वतंत्र हक्क आहे, असा विचार पुढे आला. हे स्थित्यंतर अद्याप पूर्ण झालेले नाही.

कुटुंबासह तुरुंगवास : अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत यूरोपात तुरुंग हे मुख्यतः खटला चालेपर्यंत अथवा कर्ज फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवण्याचे ठिकाण होते. शिक्षा म्हणून फटके, दंड, हद्दपारी किंवा देहान्त यांचा अवलंब होई. जॉन हौअर्ड (१७२६–९०) या इंग्लिश सुधारकाने १७७६ मध्ये इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांत ४,०८४ बंदी मोजले. त्यांपैकी २,४३७ म्हणजे निम्म्याहून अधिक ऋणको होते. अनेक ऋणकोंची बायकामुले त्यांच्यासोबत तुरुंगातच राहत आणि त्यामुळे आधीच दाटलेल्या कोठड्यांत आणखी गर्दी होई. लंडनमधील मार्शलसी हा या प्रकारचा प्रसिद्ध तुरुंग होय. कादंबरीकार चार्ल्स डिकिन्झ (१८१२–७०) याचे वडील जॉन यांना फेब्रुवारी १८२४ मध्ये कर्जापायी तेथे ठेवण्यात आले. काही दिवसांनी आई व धाकटी भावंडेही तेथेच राहावयास गेली. बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांचे काळे पॉलिश बनविणाऱ्या कारखान्यात काम करावे लागले. पुढे तुरुंगाजवळच खोली घेतल्यावर सकाळची न्याहारी व रात्रीचे जेवण तो तुरुंगात कुटुंबासमवेत घेत असे. मार्शलसीत जन्मलेल्या मुलीची कथा सांगणारी त्याची लिट्ल डॉरिट (१८५५–५७) ही कादंबरी या अनुभवावर आधारलेली आहे. एकत्र राहण्याची ही मुभा दयाबुद्धीतून आलेली नव्हती. कैद्याच्या पोटापाण्याची जबाबदारी शासन घेत नसल्यामुळे ती कुटुंबावर पडे, एवढेच तिचे कारण होते.

न्यूगेट तुरुंगात परिस्थिती याहून भयानक होती. एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) या क्वेकरपंथीय समाजसेविकेने १८१३ मध्ये तेथील स्त्रियांच्या विभागास प्रथम भेट दिली, तेव्हा सु. तीनशे स्त्रिया आपल्या मुलांसह अपुऱ्या जागेत कोंबलेल्या तिला आढळल्या. १८१७ मध्ये तिने तेथे मुलांसाठी शाळा सुरू केली. शिक्षिका म्हणून बंदी स्त्रियांपैकीच एकीची निवड करण्यात आली. मुलांना शिकविले जावे, ही मागणी त्या स्त्रियांना सर्वाधिक पटली आणि तिच्या आधारेच फ्रायला पुढील सुधारणा करता आल्या. कारागृहसुधारणेच्या इतिहासात मुलांच्या हिताला मध्यवर्ती स्थान देणारा हा आरंभीचा प्रयत्न म्हणावा लागेल.

विलगीकरणाचे धोरण : एकोणिसाव्या शतकात कारावास हीच प्रमुख शिक्षा बनली आणि गुन्हेगाराच्या नैतिक परिवर्तनासाठी त्याला बाह्य जगापासून तोडावे, हा सिद्धांत मान्यता पावला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १८२९ मध्ये उघडलेल्या ईस्टर्न स्टेट कारागृहात प्रत्येक कैदी स्वतंत्र कोठडीत ठेवण्यात येई. कुटुंबीयांच्या भेटी व पत्रे यांना तेथे मज्जाव होता. डिकिन्झने १८४२ मध्ये हे कारागृह पाहिले आणि अमेरिकन नोट्स या प्रवासवर्णनात त्याचा कठोर शब्दांत निषेध केला. कैद्याला पत्नीचे व मुलांचे कोणतेच वर्तमान कळत नाही, ही गोष्ट त्याने मुद्दाम नोंदविली आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये पेंटनव्हिल कारागृह सुरू झाले व तेथेही विलग पद्धतीचा अंगीकार करण्यात आला.

संपूर्ण विलगीकरण दीर्घकाळ चालविणे अशक्य ठरल्यावर क्रमोन्नतीची पद्धत रूढ झाली. तीनुसार शिक्षेचा काळ टप्प्याटप्प्यांत विभागला जाई आणि वर्तन चांगले असल्यास वरच्या टप्प्यात अधिक भेटी व अधिक पत्रे मिळत. शिस्तभंग झाल्यास ती सवलत काढून घेतली जाई. वरकरणी उदार वाटणाऱ्या या व्यवस्थेत एक मूलभूत दोष होता. वडिलांनी तुरुंगात काही आगळीक केली, तर त्या महिन्यात मुलाला त्यांचे दर्शन होत नसे. म्हणजे शिक्षेचा भार पुन्हा मुलावरच पडे. भेट व पत्र यांना सवलत मानण्याची ही दृष्टी ब्रिटिश अमदानीतील भारतीय कारागृह नियमावल्यांतही उतरली व स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली.

पत्रव्यवहार : भेटीवर निर्बंध असताना पत्र हेच नाते टिकविण्याचे साधन उरते. याची सर्वांत ठळक उदाहरणे राजकीय बंद्यांच्या इतिहासात आढळतात. लोकमान्य टिळक मंडालेच्या कारागृहात (१९०८–१४) असतानाच १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई यांचे निधन झाले. त्यांचे धाकटे पुत्र श्रीधर (१८९६–१९२८) त्या वेळी सु. सोळा वर्षांचे होते. आई गेलेली व वडील समुद्रापलीकडे, अशा स्थितीत या मुलांना आणखी दोन वर्षे काढावी लागली.

जवाहरलाल नेहरू यांनी २६ ऑक्टोबर १९३० रोजी नैनी येथील मध्यवर्ती कारागृहातून कन्या इंदिरा हिला तिच्या तेराव्या वाढदिवसानिमित्त पत्र लिहिले. वाढदिवसाची भेटवस्तू तुरुंगातून देता येत नसल्यामुळे पत्र हीच भेट ठरली. ऑगस्ट १९३३ पर्यंत चाललेल्या या मालेतील १९६ पत्रे पुढे ग्लिम्प्सिस ऑफ वर्ल्ड हिस्टरी (१९३४) या ग्रंथात संगृहीत झाली. १ जानेवारी १९३१ रोजी कमला नेहरू यांनाही अटक झाल्यामुळे काही काळ या मुलीचे आईवडील दोघेही कैदेत होते. १९३२ मध्ये अलाहाबादच्या तुरुंगात दुसऱ्या नातलगास भेटावयास गेलेल्या आपल्या कुटुंबीयांचा अवमान झाल्याच्या निषेधार्थ नेहरूंनी कित्येक महिने स्वतःच्या भेटी बंद ठेवल्या होत्या. जागतिक इतिहासाचा ग्रंथ म्हणून या पत्रांचे मोल आहेच. तथापि दूर असलेल्या पित्याने मुलीच्या शिक्षणात सहभागी राहण्याचा केलेला तो एक पद्धतशीर प्रयत्नही होता.

इटालियन विचारवंत आंतोन्यो ग्रामशी (१८९१–१९३७) यास नोव्हेंबर १९२६ मध्ये अटक झाली, तेव्हा त्याचा थोरला मुलगा देल्यो दोन वर्षांचा होता. धाकटा जुल्यानो काही महिन्यांपूर्वी मॉस्कोत जन्मला होता व त्याला ग्रामशीने अखेरपर्यंत पाहिले नाही. सार्डिनियातील आपल्या बालपणातील पशुपक्ष्यांच्या गोष्टी तो पत्रांतून मुलांना सांगत असे. वडील तुरुंगात आहेत, ही गोष्ट देल्योपासून लपविण्यात आल्याचे कळल्यावर त्याने नापसंती व्यक्त केली. मुले समजूतदार असतात व त्यांना खरे सांगावे, असे त्याचे मत होते. वडील परगावी नोकरीस गेले आहेत किंवा आई रुग्णालयात आहे, अशी बतावणी बंद्यांच्या कुटुंबांत सर्वत्र केली जाते. वयाला झेपेल अशा शब्दांत सत्य सांगणे मुलाच्या हिताचे ठरते, असा आजच्या बालकल्याणकार्यातील संकेत आहे व तो ग्रामशीच्या मताशी जुळतो.

दक्षिण आफ्रिकेतील नेल्सन मंडेला (१९१८–२०१३) यांना १९६४ मध्ये रॉबेन बेटावर नेण्यात आले, तेव्हा खालच्या वर्गातील कैदी म्हणून त्यांना सहा महिन्यांतून एक भेट व एक पत्र मिळे. सोळा वर्षांखालील मुलांना भेटीस येण्यास बंदी होती. त्यामुळे त्यांच्या लहान मुली पितृदर्शनावाचून वाढल्या. १९६९ मध्ये थोरला मुलगा थेंबी मोटार अपघातात मृत्यू पावला. त्याच्या अंत्यविधीस जाण्याची अनुमती मंडेलांना मिळाली नाही. मे १९८४ मध्ये पोल्समूर कारागृहात त्यांना प्रथमच काचेच्या आडकाठीवाचून कुटुंबीयांना भेटता आले. मुलांना कारागृहाच्या दृश्यापासून वाचविणे, हे अशा बंदीचे समर्थन सर्वत्र दिले जाते. त्या दृश्यापेक्षा पालकाचे अदृश्य होणे मुलाला अधिक हानिकारक ठरते की काय, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ विचारला गेला नाही.

माता व तान्ही अपत्ये : तान्ह्या मुलाला आईपासून तोडू नये, हा विचार तुलनेने लवकर मान्य झाला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बेडफर्ड हिल्स येथील स्त्रियांच्या कारागृहात १९०१ पासून शिशुगृह आहे. बाल्यावस्थेतील मातृवियोगाचे परिणाम दाखविणारा इंग्लिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी (१९०७–९०) याचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला आणि या विचाराला शास्त्रीय आधार मिळाला. जर्मनीत हेल्गा आइन्झेले (१९१०–२००५) यांच्या पुढाकाराने फ्रँकफुर्टमधील प्रॉइंगेसहाइम कारागृहात आई व मुलांसाठी स्वतंत्र गृह उभारण्यात आले. येथेही दुसरी बाजू आहे. कोठडीत वाढणाऱ्या मुलाला आई मिळते, पण घर, रस्ता, झाडे, जनावरे व अन्य पुरुष यांचा परिचय होत नाही. म्हणूनच बहुतेक देशांत सहवासाची वयोमर्यादा ठरविण्यात आली आहे. ती मर्यादा संपताच होणारी ताटातूट ही या व्यवस्थेतील सर्वांत कठीण घटना होय.

भारतातील कायदा : भारतीय राज्यघटनेनुसार कारागृहे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील चाळिसाव्या कलमाने दिवाणी व न्यायाधीन बंद्यांच्या भेटींची तरतूद केली. सिद्धदोष बंद्यांच्या भेटी व पत्रे मात्र नियमांवर सोपविण्यात आली. या क्षेत्रात निर्णायक ठरलेला न्यायनिर्णय म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा फ्रान्सिस कोरॅली मलिन खटल्यातील १३ जानेवारी १९८१ चा निकाल होय. दिल्लीच्या तिहार कारागृहात स्थानबद्ध असलेल्या या ब्रिटिश महिलेला आपल्या सु. पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येत असे. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात मानवी प्रतिष्ठेने जगणे अंतर्भूत असून कुटुंबीयांना भेटणे हा त्याचाच भाग आहे, असे प्रतिपादून न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांनी ही मर्यादा अवैध ठरविली आणि न्यायाधीन बंद्यांप्रमाणे आठवड्यातून दोन भेटी मिळाव्यात, असे सांगितले. तत्पूर्वी सुनील बत्रा खटल्यातही न्यायालयाने आप्तेष्टांच्या भेटींचे महत्त्व अधोरेखित केले होते. या निर्णयांनी भेट ही सवलतीच्या कक्षेतून हक्काच्या कक्षेत आणली. तथापि हा हक्क बंद्याचा म्हणून मान्य झाला होता.

मुलाच्या बाजूने विचार करणारा पहिला सविस्तर निर्णय म्हणजे आर. डी. उपाध्याय वि. आंध्र प्रदेश राज्य (१३ एप्रिल २००६) हा होय. आईसोबत कारागृहात असलेल्या मुलाला न्यायाधीन वा सिद्धदोष बंदी म्हणून वागविता येणार नाही. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार, शिक्षण व खेळ यांवर त्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कारागृहात झालेल्या जन्माची नोंद करताना जन्मस्थान म्हणून कारागृहाचा उल्लेख करू नये, नामकरणविधीस सोयी द्याव्यात, असेही निर्देश देण्यात आले. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल आईजवळ राहू शकते. त्यानंतर आईच्या इच्छेनुसार योग्य व्यक्तीकडे अथवा समाजकल्याण खात्याच्या संस्थेत त्याला पाठवावे लागते. ही संस्था शक्यतो त्याच गावात असावी आणि मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईच्या भेटीस आणावे, अशी तरतूद आहे. दुरावा अटळ असला तरी अंतर वाढू नये, हे या निर्देशांमागील सूत्र होय.

रजा हा संबंध टिकविण्याचा आणखी एक मार्ग आहे. महाराष्ट्रात नियमांन्वये संचित रजा व अभिवचन रजा देण्यात येतात. बंद्याचे कौटुंबिक जीवनाशी सातत्य राहावे, हा संचित रजेचा एक प्रमुख हेतू होय. अशफाक वि. राजस्थान राज्य (२०१७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हेतूचा पुनरुच्चार केला. रजा बंद्याला कारागृहाबाहेर आणते, म्हणूनच तिचे महत्त्व भेटीहून वेगळे आहे. मुलाला वडील जाळीपलीकडे दिसत नाहीत. ते घरात जेवताना, शाळेत पोहोचविताना व आजारात उशाशी बसलेले दिसतात.

सकुटुंब वसाहती : कैद्याने कुटुंबासह राहून शिक्षा भोगावी, ही कल्पना भारतात जुनी आहे. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या अंदमानच्या बंदी वसाहतीत काही वर्षांच्या सद्‌वर्तनानंतर कैद्याला स्वावलंबी म्हणून जमीन कसण्याची व मुख्य भूमीवरून कुटुंब आणण्याची किंवा तेथील बंदी स्त्रीशी विवाह करण्याची परवानगी मिळे. या कुटुंबांतील मुलांतून तेथे एक स्थायिक समाज निर्माण झाला. शासनाचा हेतू मुख्यतः वसाहत वसविण्याचा होता.

मानवतावादी भूमिकेतून केलेला पहिला उल्लेखनीय प्रयोग महाराष्ट्रातील औंध संस्थानात झाला. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने व मॉरिस फ्रिडमन या मूळच्या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून १९३९ मध्ये आटपाडीजवळ (सध्याच्या सांगली जिल्ह्यात) स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापन झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे बेड्या व भिंती यांवाचून शेती करीत आणि त्यांना बायकामुलांसह राहता येई. व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ (१९५७) हा चित्रपट या प्रयोगावरून प्रेरित झाला. संस्थान विलीन झाल्यावरही ही वसाहत शासनाने चालू ठेवली. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या संपूर्णानंद खुल्या बंदी शिबिरात कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन रोजगार मिळवितात व हजेरीस परत येतात. त्यांची मुले जवळच्या शाळांत जातात. या शिबिरांत प्रवेश मात्र निवडक सिद्धदोष बंद्यांनाच मिळतो. न्यायाधीन बंद्यांना, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही अशांना, ही वाट बंद असते.

सामाजिक कार्य व नवे उपक्रम : टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात सुरू झाला. बंद्यांच्या मुलांचा ठावठिकाणा शोधणे, त्यांना शाळा वा वसतिगृह मिळवून देणे आणि आईशी त्यांची गाठ घालून देणे ही कामे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते करू लागले. अटक होते त्या घटकेला घरी असलेल्या मुलाचे काय होते, याची चौकशी करण्याचे कर्तव्य कोणत्याच यंत्रणेकडे स्पष्टपणे सोपविलेले नसते. ही उणीव अशा कार्यातून लक्षात आली. महाराष्ट्रातील काही मध्यवर्ती कारागृहांत एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘गळाभेट’ हा उपक्रम सुरू झाला. नेहमीची मुलाखत जाळी वा काच यांच्या आडून, गोंगाटात व काही मिनिटांत उरकावी लागते. गळाभेटीत मात्र अल्पवयीन मुलांना वडिलांजवळ बसता येते, त्यांना मिठी मारता येते व आणलेला खाऊ एकत्र खाता येतो. मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे प्रत्यक्ष भेटी थांबल्यावर दृक्‌श्राव्य मुलाखतीचा वापर देशभर वाढला. लांबच्या गावी राहणाऱ्या व प्रवासखर्च न परवडणाऱ्या कुटुंबांना तिचा लाभ झाला. तान्ह्या मुलाला मात्र पडद्यावरील चेहऱ्यातून स्पर्शाची उणीव भरून मिळत नाही.

परदेशांतही असे अनेक उपक्रम चालतात. अमेरिकेतील मेरिलंड राज्यात १९९२ मध्ये बंदी माता व त्यांच्या मुली यांच्यासाठी बालवीर चळवळीच्या धर्तीवरील मेळावे कारागृहातच भरू लागले. ब्रिटनमध्ये वडिलांच्या आवाजात गोष्ट ध्वनिमुद्रित करून मुलाला पाठविण्याचा उपक्रम रूढ झाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या पित्यालाही त्यात भाग घेता येतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून प्रत्येक कारागृहात मुलांच्या प्रश्नांची जबाबदारी असलेला कर्मचारी नेमला जातो.

संशोधन : पॉलीन मॉरिस यांचा ब्रिटनमधील बंद्यांच्या कुटुंबांविषयीचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला व या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. अमेरिकेच्या न्याय विभागाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९९९ मध्ये त्या देशातील सु. १५ लाख अल्पवयीन मुलांचे आई किंवा वडील कारागृहात होते. राज्यांच्या कारागृहांतील निम्म्याहून अधिक पालकांना (वडील ५७ टक्के, माता ५४ टक्के) तेथे आल्यापासून मुले एकदाही प्रत्यक्ष भेटलेली नव्हती. साठ टक्क्यांहून अधिक पालक घरापासून शंभर मैलांपेक्षा (सु. १६० किमी.) दूर ठेवलेले होते. १९९७ च्या तेथील कायद्यानुसार मूल बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने परक्या कुटुंबाच्या सांभाळात राहिल्यास पालकत्व संपुष्टात आणण्याची कारवाई सुरू होऊ शकते. त्यामुळे मध्यम मुदतीची शिक्षाही नाते कायमचे तोडण्यास पुरेशी ठरते.

परिणामांविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत. चाळीस अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१२) जोसेफ मरी व सहकाऱ्यांना पालकाच्या कारावासाचा मुलांच्या समाजविघातक वर्तनाशी संबंध आढळला. मानसिक आजार किंवा शैक्षणिक अपयश यांच्याशी तसा संबंध दिसून आला नाही. गरिबी व पूर्वीचा कौटुंबिक कलह यांचे परिणाम कारावासाच्या परिणामांपासून वेगळे काढणे कठीण असते. भेटींच्या उपयुक्ततेबद्दल अधिक निश्चित पुरावा मिनेसोटा राज्याच्या पाहणीत (२०११) मिळतो. २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० बंद्यांपैकी ज्यांना भेटी मिळाल्या, त्यांच्या बाबतीत नव्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी होता. ब्रिटनमधील लॉर्ड फार्मर यांच्या अहवालातही (२०१७) कुटुंबसंबंध हे पुनर्वसनाचे प्रमुख साधन मानलेले आहे. या युक्तिवादाला मर्यादा आहे. मुलाची भेट केवळ गुन्हे कमी करण्याचे साधन मानली, तर ज्या बंद्याची सुटका होणारच नाही त्याच्या मुलाच्या भेटीचे समर्थन उरत नाही.

मुलाचा हक्क : संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांत बंदी व कुटुंब यांचे संबंध जपण्याचा उल्लेख होता. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या नवव्या अनुच्छेदाने आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलाला, त्याच्या हितास बाधक नसेल तर, त्यांच्याशी नियमित प्रत्यक्ष संपर्क ठेवण्याचा हक्क दिला. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. स्त्री-बंद्यांविषयीचे बँकॉक नियम (२०१०) आणि नेल्सन मंडेला नियम (२०१५) यांनी यापुढचे पाऊल टाकले. कुटुंबाशी संपर्क तोडणे ही शिस्तभंगाची शिक्षा असू शकत नाही, असे दोहोंत नमूद केले आहे. क्रमोन्नती पद्धतीतील दोषावर सु. दीड शतकानंतर दिलेले हे उत्तर होय. यूरोप परिषदेने २०१८ मध्ये बंदिवान पालकांच्या मुलांविषयी स्वतंत्र शिफारस केली. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००७ मध्ये, अल्पवयीन मुलांचा सांभाळ करणाऱ्या पालकास शिक्षा देताना मुलांच्या हिताचा स्वतंत्र विचार केलाच पाहिजे, असा निर्णय दिला व तीन मुलांच्या आईची उर्वरित कैद देखरेखीखालील शिक्षेत बदलली. याउलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मिशिगन राज्याचे भेटींवरील कडक निर्बंध, मादक पदार्थांसंबंधीच्या नियमभंगाबद्दल किमान दोन वर्षे भेटी बंद करण्याच्या तरतुदीसह, वैध ठरविले. सवलत आणि हक्क या दोन्ही दृष्टी आज अशा रीतीने शेजारी-शेजारी वावरत आहेत.

भारतीय व्यवस्थेचा भर अद्याप आईसोबत कारागृहात असलेल्या लहान मुलांवर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या आकडेवारीप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी सु. ७६ टक्के न्यायाधीन होते. स्त्रियांची संख्या २३,७७२ म्हणजे सु. ४ टक्के होती व १,५३७ स्त्रियांसोबत १,७६४ मुले राहत होती. या मुलांसाठी न्यायालयीन निर्देश आहेत व त्यांची दरवर्षी गणना होते. उरलेल्या सु. ९६ टक्के बंद्यांत असंख्य पिते आहेत. त्यांची, तसेच सहा वर्षे पूर्ण झाल्यामुळे आईपासून दूर झालेली मुले गावोगावी आजीआजोबा, नातलग किंवा संस्था यांच्या आश्रयाने वाढत असतात. त्यांची गणना या आकडेवारीत होत नाही. पालकास भेटण्याचा मुलाचा हक्क प्रत्यक्षात आणावयाचा, तर प्रथम ही मुले किती व कोठे आहेत, याची नोंद होणे आवश्यक आहे.